अर्नेस्ट रदरफर्ड : अदृश्याचा शोध

प्रशांत महासागराच्या दक्षिण भागात न्यूझीलंड नावाचा बेटांचा देश आहे. त्या देशातील नेल्सन या गावाजवळच्या एका खेड्यात ३० ऑगस्ट १८७१ रोजी अर्नेस्ट रदरफर्ड याचा जन्म झाला. त्याचे वडील जेम्स हे लहानपणी स्कॉटलंडहून या दूरच्या देशात आले होते. गाड्यांची चाके बनवणे, शेती करणे, अंबाडीसारख्या वनस्पतीचे धागे काढणे असे नाना उद्योग करून ते आपल्या मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत. आई मार्था ही विवाहापूर्वी शिक्षिका होती. बारा भावंडांत अर्नेस्ट चौथा. घरात पैशांची चणचण असे. परंतु मुलांच्या शिक्षणात खंड पडू नये, याविषयी आईचा कटाक्ष असे. गाईंची धार काढणे, सरपण गोळा करणे, बटाट्यांच्या शेतात खपणे ही कामे सर्वच भावंडांच्या वाट्याला येत. १८८६ साली अर्नेस्टचे दोन भाऊ समुद्रात बुडून मरण पावले. त्या आघातातूनही ते कष्टाळू कुटुंब धैर्याने सावरले.

दहा वर्षांच्या वयात अर्नेस्टच्या हाती पदार्थविज्ञानाचे एक छोटेसे पुस्तक आले. प्रकाश व ध्वनी यांच्या वेगांत फार मोठे अंतर आहे, हे त्याने त्यात वाचले. पुढे एका वादळी रात्री वीज चमकताच तो सेकंद मोजू लागला आणि गडगडाट ऐकू येताच, वीज किती दूर चमकली याचा हिशेब त्याने घरच्या मंडळींना सांगितला, अशी त्याच्या बालपणीची आठवण सांगतात. जे हाताने धरता येत नाही, तेही काळजीपूर्वक मोजले तर बुद्धीच्या आटोक्यात येते, ही जाणीव त्याला त्या वयातच झाली असावी.

शिष्यवृत्ती मिळाल्यामुळेच अर्नेस्टला प्रथम नेल्सन कॉलेजात आणि १८९० साली क्राइस्टचर्च येथील कँटरबरी कॉलेजात शिकता आले. तेथे संशोधनासाठी सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. विद्यार्थी जेथे आपले कोट व टोप्या ठेवीत, अशा एका थंड व कोंदट खोलीत त्याने आपली उपकरणे मांडली. त्या साधनांनी त्याने विद्युत्‌लहरी ओळखणारे एक यंत्र तयार केले. १८९५ साली इंग्लंडमध्ये जाऊन संशोधन करण्यासाठी देण्यात येणाऱ्या एका शिष्यवृत्तीला त्याने अर्ज केला. निवड प्रथम दुसऱ्याच उमेदवाराची झाली. परंतु त्याने ती नाकारल्यामुळे संधी रदरफर्डकडे आली. ही वार्ता आली तेव्हा तो शेतात बटाटे खणीत होता आणि आता हे काम पुन्हा करावयाचे नाही, असे म्हणून त्याने हातातील कुदळ टाकून दिली, अशी कथा प्रसिद्ध आहे. प्रवासखर्चासाठी कर्ज काढून हा तरुण हजारो मैलांच्या प्रवासास निघाला.

केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख त्या वेळी जे. जे. टॉमसन हे होते. रदरफर्ड तेथे पोहोचले आणि विज्ञानात जणू नवे युगच अवतरले. १८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागला. १८९६ साली बेकेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाला युरेनियमच्या क्षारांतून आपोआप बाहेर पडणारे किरण आढळले. १८९८ साली मारी व पिअर क्यूरी या दांपत्याने पोलोनियम आणि रेडियम ही मूलद्रव्ये शोधून काढली. युरेनियमच्या किरणांचा अभ्यास करून रदरफर्ड यांनी दाखवून दिले की, त्यांत निदान दोन प्रकार आहेत. पातळ पत्र्यानेही अडणाऱ्या किरणांना त्यांनी आल्फा हे नाव दिले आणि अधिक आरपार जाणाऱ्या किरणांना बीटा. लवकरच, १८९८ साली, कॅनडातील माँट्रिऑल शहरी मॅक्गिल विद्यापीठात प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

माँट्रिऑल येथे एका क्षुल्लक वाटणाऱ्या अडचणीतून एक मोठा शोध लागला. ओवेन्स नावाचे सहकारी थोरियम या मूलद्रव्याच्या किरणांची तीव्रता मोजीत होते. युरेनियमचे मोजमाप स्थिर येई. थोरियमचे मात्र सारखे बदले. प्रयोगशाळेचे दार उघडले आणि वाऱ्याची झुळूक आत आली की, मोजणीचा आकडा एकदम खाली येई. दुसऱ्या एखाद्याने उपकरणास दोष देऊन दार बंद केले असते आणि प्रश्न मिटला असे मानले असते. रदरफर्ड यांनी मात्र त्या झुळुकीचाच माग काढला. वारा काहीतरी वाहून नेतो, त्याअर्थी थोरियममधून वायूसारखे काहीतरी बाहेर पडत असले पाहिजे आणि ते स्वतःही किरणोत्सर्गी असले पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. प्रयोगाने तो खरा ठरला. या अदृश्य वस्तूला त्यांनी निःसरण अशा अर्थाचे नाव दिले. १९०० साली हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीडरिख डॉर्न यांना रेडियममधूनही असाच वायू निघताना आढळला. हाच वायू पुढे रेडॉन या नावाने जगास परिचित झाला.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही. त्याचे प्रमाणही इतके अल्प होते की, कोणत्याही तराजूत तो तोलता येणे शक्य नव्हते. परंतु त्याच्या किरणांमुळे हवेतून वीज वाहू लागे आणि ती वीज मोजता येई. थोरियमवरून वाहणारी हवा एका पात्रात कोंडून रदरफर्ड घड्याळ पाहत बसले. सुमारे एका मिनिटात किरणांचा जोर निम्मा झाला. आणखी एका मिनिटाने उरलेल्याचा निम्मा झाला, म्हणजे चतुर्थांश राहिला. पुढच्या मिनिटाने एक अष्टमांश. प्रत्येक किरणोत्सर्गी पदार्थ निम्मा होण्यास असा ठरावीक काळ लागतो. त्यास अर्धायुष्य म्हणतात. रेडियमपासून निघणाऱ्या वायूचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवस आहे. उष्णता दिली, थंड केले, दाबून धरले, तरी त्यात पालट होत नाही. जणू निसर्गाने प्रत्येक पदार्थाच्या अंतरी एक न चुकणारे घड्याळच बसवून ठेवले आहे. हा वायू ज्या पात्रात असे त्याच्या भिंतींवर किरणोत्सर्गी द्रव्याचा अतिसूक्ष्म लेप बसतो, हेही रदरफर्ड यांच्या ध्यानी आले. त्या लेपाचे महत्त्व पुष्कळ वर्षांनी कळावयाचे होते.

१९०० सालीच रदरफर्ड यांनी न्यूझीलंडला जाऊन मेरी न्यूटन हिच्याशी विवाह केला. माँट्रिऑलला परतल्यावर फ्रेडरिक सॉडी या तरुण रसायनशास्त्रज्ञाची त्यांना जोड मिळाली. हॅरिएट ब्रुक्स या बुद्धिमान विद्यार्थिनीने हा वायू हवेत किती वेगाने पसरतो हे मोजले आणि तो पुष्कळ जड असला पाहिजे, असे त्यावरून दिसून आले. सॉडी व रदरफर्ड यांनी अतिशय तीव्र रसायनांतून व तापलेल्या धातूंवरून तो वायू नेऊन पाहिला. तो कशाशीही संयोग पावेना. द्रवरूप हवेच्या कडक थंडीत मात्र तो गोठला. त्याअर्थी तो एक स्वतंत्र, निष्क्रिय वायू होता. मग थोरियमसारख्या घन मूलद्रव्यातून तो आला कोठून? याचे एकच उत्तर संभवत होते. एका मूलद्रव्याचा अणू आपोआप फुटून त्याचे दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर होत होते.

हे उत्तर उच्चारण्यास धैर्य हवे होते. अणू अखंड व अविकारी आहे, ही त्या काळच्या रसायनशास्त्राची आधारशिला होती. लोखंडाचे सोने करू पाहणाऱ्या जुन्या किमयागारांची विद्वान मंडळी थट्टा करीत आणि आता एक तरुण प्राध्यापक तशीच गोष्ट सांगू लागला होता. अशा मतांमुळे विद्यापीठाची अपकीर्ती होईल, अशी भीती काही सहकाऱ्यांना वाटली आणि त्यांनी संयमाचा सल्ला दिला. विभागप्रमुख जॉन कॉक्स यांनी मात्र रदरफर्ड यांचा पक्ष उचलून धरला. रदरफर्ड वादात फारसे गुंतले नाहीत. त्यांनी आकडे पुढे ठेवले. १९०२ व १९०३ या दोन वर्षांत त्यांचे व सॉडींचे निबंध प्रसिद्ध झाले आणि काही काळातच जगातील बहुतेक शास्त्रज्ञांनी त्यांचा सिद्धांत मान्य केला. याच कार्याबद्दल १९०८ साली रदरफर्ड यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इकडे केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू टॉमसन यांना १९०३ साली एक नवलाची गोष्ट आढळली. खोल विहिरीच्या पाण्यातही किरणोत्सर्गी वायू होता. पाणी उकळले की तो निघून जाई. मग ठिकठिकाणच्या झऱ्यांची व कुंडांची तपासणी सुरू झाली आणि अनेक ठिकाणी हा वायू सापडला. खडकांत युरेनियमचा अंश असतो; त्यापासून क्रमाक्रमाने रेडियम व रेडियमपासून हा वायू निर्माण होतो आणि भूमीखालील पाण्यात विरघळतो. त्या काळी कित्येकांची समजूत झाली की, अशा पाण्यात आरोग्यदायी शक्ती आहे. असे पाणी औषध म्हणून विकलेही जाऊ लागले. ही समजूत कोणत्याही मोजमापावर उभी नव्हती. तिचा फोलपणा ध्यानात येण्यास पुढे अनेक वर्षे लागली.

१९०७ साली रदरफर्ड इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात आले. तेथे हान्स गायगर हा जर्मन तरुण त्यांचा साहाय्यक झाला. आल्फा कण एकेक करून मोजता येतील काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. झिंक सल्फाइड या पदार्थाचा लेप दिलेल्या पडद्यावर आल्फा कण आदळले की, प्रकाशाच्या बारीक ठिणग्या चमकतात, हे १९०३ सालीच दिसून आले होते. परंतु प्रत्येक कणामागे एक ठिणगी उमटते काय, याची खात्री करावयास हवी होती. रदरफर्ड व गायगर यांनी विजेच्या साहाय्याने कण मोजण्याचे एक उपकरण रचले आणि त्याचे आकडे ठिणग्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिले. दोन्ही जुळले. तेव्हापासून ठिणगी मोजणे म्हणजे फुटलेला अणू मोजणे, असे ठरले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. प्रथम गडद अंधारात बराच वेळ बसून डोळे सरावू द्यावे लागत. मग सूक्ष्मदर्शकास डोळा लावून क्षणात उमटणाऱ्या व क्षणात मावळणाऱ्या ठिणग्या मोजाव्या लागत. थोड्याच वेळात डोळे थकत आणि दुसऱ्यास बसवावे लागे. रदरफर्ड यांचा स्वभाव उतावळा. हे बसून मोजणे त्यांना मानवत नसे. गायगर मात्र रात्रीच्या रात्री न कंटाळता मोजीत बसे आणि रदरफर्ड त्याच्या चिकाटीची मुक्तकंठाने स्तुती करीत. न दिसलेली ठिणगी टिपणवहीत लिहावयाची नाही आणि दिसलेली गाळावयाची नाही, या प्रामाणिकपणावरच सारा निष्कर्ष अवलंबून होता.

आल्फा कण म्हणजे काय, हे ठरवण्यास रेडियमपासून निघणारा तोच वायू उपयोगी पडला. रदरफर्ड व रॉइड्स यांनी कुशल कारागिराकडून काचेची एक नळी करवून घेतली. तिची जाडी सुमारे एक शतांश मिलिमीटर होती. वायू तिच्यातून निसटत नसे. पण आल्फा कण काच भेदून बाहेरच्या मोठ्या नळीत जात. काही दिवसांनी बाहेरच्या नळीतील वायूचा वर्णपट पाहिला, तेव्हा तेथे हेलियमच्या रेषा स्पष्ट दिसल्या. आल्फा कण म्हणजे विद्युत्‌भारित हेलियम होय, हे अशा रीतीने निर्विवाद सिद्ध झाले.

१९०९ साली गायगर आणि मार्सडेन हा वीस वर्षांचा विद्यार्थी सोन्याच्या अत्यंत पातळ पत्र्यावर आल्फा कणांचा मारा करून ठिणग्या मोजीत होते. बहुतेक कण सरळ पार जात. परंतु काही हजारांत एखादा कण चक्क मागे परतत असे. या विरळ ठिणग्यांनी रदरफर्ड यांना विचारात पाडले. दोन वर्षांच्या चिंतनानंतर, १९११ साली, त्यांनी जाहीर केले की, अणू बव्हंशी पोकळ असून त्याचे जवळजवळ सर्व वस्तुमान मध्यभागी असलेल्या अतिसूक्ष्म अणुकेंद्रात साठलेले असते. अणूचे खरे अंतरंग प्रथमच मानवास कळले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ही ज्ञानयात्रा खंडित झाली. गायगर जर्मनीच्या बाजूने व मार्सडेन ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरले. मोझ्ली हा त्यांचा अतिशय गुणी शिष्य १९१५ साली गॅलिपोलीच्या रणभूमीवर मारला गेला. रदरफर्ड यांनी त्या काळात पाणबुड्यांचा आवाज पाण्याखाली ऐकण्याच्या साधनांवर काम केले. सवड मिळेल तेव्हा ते पुन्हा आपल्या ठिणग्यांकडे वळत. १९१९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, आल्फा कणांच्या माऱ्याने नायट्रोजनच्या अणुकेंद्रातून हायड्रोजनचे कण बाहेर पडतात. माणसाने हेतुपूर्वक घडवून आणलेले हे अणुकेंद्राचे पहिले रूपांतर होते.

त्याच वर्षी ते कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. गुरूच्या खुर्चीवर बसलेल्या या शिष्याने स्वतःच्या शिष्यांची एक थोर परंपरा निर्माण केली. १९३२ साली चॅडविक यांनी तेथेच न्यूट्रॉनचा शोध लावला. त्याच वर्षी कॉक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी यंत्राने वेग दिलेल्या कणांनी लिथियमचा अणू फोडला आणि त्याची खूणही झिंक सल्फाइडच्या पडद्यावरील ठिणग्यांनीच पटली. रदरफर्ड यांचा आवाज मोठा व हसणे दिलखुलास होते. विद्यार्थ्यांच्या यशाचे श्रेय ते स्वतःकडे घेत नसत. १९३३ साली जर्मनीतून परागंदा झालेल्या विद्वानांना आश्रय व काम मिळवून देण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी आनंदाने स्वीकारले. त्याच केंब्रिजमध्ये मुंबईचे होमी भाभा हेही शिकले. त्यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली.

जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यास भरणाऱ्या भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून रदरफर्ड यांची निवड झाली होती. परंतु १९ ऑक्टोबर १९३७ रोजी, शस्त्रक्रियेनंतर, त्यांचा केंब्रिज येथे मृत्यू झाला. सर जेम्स जीन्स यांना त्यांच्या जागी अध्यक्ष व्हावे लागले. रदरफर्ड यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ ठेवण्यात आल्या.

त्यांच्या पश्चात रेडॉनचे खरे स्वरूप उघडकीस आले. मध्य युरोपातील खाणींत काम करणारे कामगार फुप्फुसांच्या रोगाने अकाली मरत. त्यांच्या रोगास खाणीतील रेडॉन कारणीभूत होता. श्वासावाटे आत गेलेल्या या वायूपासून किरणोत्सर्गी घनकण तयार होतात आणि रदरफर्ड यांनी पात्राच्या भिंतीवर जसा लेप पाहिला, तसे ते फुप्फुसांत चिकटून बसतात. १९८८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनची गणना कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. ज्या पाण्याला एके काळी औषध मानले, त्या पाण्यातील रेडॉन आता काळजीपूर्वक मोजला जातो.

या मोजणीत रदरफर्ड यांच्या ठिणग्याच नव्या रूपाने उपयोगास येतात. १९५० च्या सुमारास असे द्रव सापडले की, त्यांत अणू फुटला असता प्रकाशाची चमक उमटते. विहिरीचे पाणी बाटलीत काठोकाठ, बुडबुडा न राहील असे भरतात. कारण हवा लागली की रेडॉन निसटून जातो. त्यातील सुमारे १० मिलिलिटर पाणी अशा तेलकट द्रवाबरोबर लहानशा कुपीत घालून हलवतात. रेडॉनला पाण्यापेक्षा तेल अधिक मानवते, म्हणून तो द्रवात उतरतो. सुमारे तीन तास वाट पाहिल्यावर त्याच्यापासून झालेले अल्पायुषी पदार्थ त्याच्याशी समतोल साधतात आणि मग एका रेडॉन अणूमागे सरासरी पाच चमका मिळतात. कुपीच्या दोन्ही बाजूंस प्रकाश टिपणाऱ्या संवेदनशील नळ्या असतात. दोघींनाही एकाच क्षणी दिसलेली चमक तेवढीच खरी मानतात. म्हणजे खोट्या खुणा आपोआप गळून पडतात. पाणी भरल्यापासून मोजणीपर्यंत जितका काळ गेला, त्याचा हिशेब ३.८ दिवसांच्या अर्धायुष्यावरून करून मूळचे प्रमाण ठरवतात.

एका सेकंदात एक अणू फुटला तर त्यास एक बेकेरेल म्हणतात. युरोपीय संघाने २०१३ साली पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरला १०० बेकेरेल हे प्रमाण ठरवले. १०० बेकेरेलच्या पाण्याच्या १० मिलिलिटरांत सेकंदाला रेडॉनचा केवळ एक अणू फुटतो. एवढी अल्प घटनाही आज बिनचूक मोजता येते आणि प्रमाण अधिक आढळले, तर पाण्यातून हवा खेळवून तो वायू घालवता येतो. खोल विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबांना धोका आहे की नाही, हे अशा रीतीने अफवेवरून नव्हे, तर आकड्यांवरून ठरते.

१०४ अणुक्रमांकाच्या मूलद्रव्यास रदरफर्डियम असे नाव देऊन शास्त्रज्ञांनी या थोर संशोधकाचा गौरव केला आहे. दार उघडल्यावर आलेल्या झुळुकीने आकडा बिघडला, तेव्हा त्या बिघाडाकडे दुर्लक्ष न करता त्याचे कारण शोधण्याची वृत्ती आणि अंधारात बसून प्रत्येक ठिणगीची प्रामाणिक नोंद करणाऱ्या सहकाऱ्यांची साथ, या दोहोंच्या बळावर रदरफर्ड यांनी अदृश्य जगाचे दार मानवजातीसाठी उघडले.